किडनी बंद पडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवा: अन्न व औषध प्रशासन आणि आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: अचानक किडनी बंद पडलेल्या मुलांची सक्तीची नोंद, आणि ती नोंद वाचणाऱ्या डॉक्टरांच्या जागा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्यात, सावनेरला लहान मुलांचा डॉक्टर आहे. आमच्या गावावरून छिंदवाड्याचा रस्ता जातो. सौंसर, पांढुर्ण्याकडची माणसं राज्याची हद्द ओलांडून आमच्याकडे मुलं दाखवायला येतात. त्यांना भोपाळ लांब पडतं, नागपूर जवळ, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरातली बोलीही आपलीच. २०२५च्या सप्टेंबरात छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं किडनी बंद पडली म्हणून नागपूरला आणली गेली. त्यांतली बरीच परत घरी गेली नाहीत. वीसहून जास्त मुलं दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, तेही ४८.६ टक्के. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विषाची होती.

त्यानंतर छापे पडले, परवाने तपासले गेले, अटका झाल्या. आपल्या प्रशासनानेही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या बॅचबद्दल इशारा काढला, त्याबद्दल आभार मानायलाच हवेत. पण हे सगळं विष सापडल्यानंतरचं काम झालं. विष सापडतं कसं, कोणाला सापडतं, आणि ते सापडेपर्यंत किती मुलं हातची जातात, यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही. त्यावर बोलायचं तर ढाक्याच्या डॉ. मोहम्मद हनीफ यांच्यापासून सुरुवात करायला हवी. त्यांच्या आयुष्यभराच्या कामात आपल्यासाठी जे आहे, ते आपण दोन्ही विभागांनी शांतपणे वाचावं म्हणून हे पत्र.

हनीफ हे मुलांच्या किडनीचे डॉक्टर. १९८०च्या दशकात तरुण डॉक्टर म्हणून ते ढाक्यात काम करू लागले, तेव्हा तिथे लहान मुलांचं डायलिसिस फार थोड्या ठिकाणी होत असे. वॉर्डात एकामागून एक मुलं येत. गोष्ट साधारण एकच: ताप आला, घरी औषध दिलं, मग उलट्या सुरू झाल्या, मग लघवी बंद. मुलं येत आणि मरत. अशी वर्षं गेली.

इतकी मुलं जाताना कोणाला संशय कसा आला नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण वॉर्डात उभं राहून पाहिलं की कळतं. बांगलादेशात तेव्हा मुलाची किडनी बंद पडायला कारणं कमी नव्हती. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की किडनी बंद पडते. शिगेलाच्या रक्ती आवेनंतर रक्तपेशी फुटतात आणि किडनी बंद पडते. मलेरिया, सेप्सिस, गावठी औषधं, काहीही असू शकतं. त्यामुळे प्रत्येक मृत्यूला जवळचं एखादं नाव चिकटवता येत होतं, आणि नाव चिकटवलं की केसपेपर बंद होतो. एका मुलाच्या केसपेपरमध्ये विष दिसत नाही. शंभर केसपेपर शेजारी शेजारी मांडले तरच ते दिसायला लागतं, आणि तसे ते मांडायला कोणीतरी वर्षानुवर्षं त्याच वॉर्डात असावं लागतं.

ढाका शिशु हॉस्पिटलमध्ये हनीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. ज्या मुलांच्या आजाराचं कारण कळत होतं ती एका बाजूला, ज्यांचं कळत नव्हतं ती दुसऱ्या बाजूला. मग दोन्हीकडे प्रश्न तेच. अंगावर सूज होती का, यकृत वाढलं होतं का, रक्तदाब किती, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा घटक) किती, येण्याआधी कुठलं औषध दिलं होतं, कुठल्या कंपनीचं. कारण न कळणाऱ्या मुलांत वाढलेलं यकृत, सूज आणि वाढलेला रक्तदाब जास्त दिसला, आणि तापाचं औषध घेतलेल्या मुलांचं प्रमाण तर कितीतरी जास्त निघालं. अशा ३३९ मुलांचा हिशेब त्यांच्या शोधनिबंधात आहे. त्यांतली बहुतेक मुलं वाचली नाहीत.

मला या पद्धतीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तुलनेसाठी त्यांनी परदेशातले आकडे आणले नाहीत. त्याच वॉर्डातली, तशीच लघवी बंद झालेली, पण कारण माहीत असलेली मुलं समोर ठेवली. म्हणजे ज्यांचं निदान झालेलं होतं त्यांच्या नोंदीही तितक्याच काळजीने ठेवल्या गेल्या होत्या, म्हणूनच निदान न झालेल्यांचं वेगळेपण दिसलं. याच गोष्टीवर माझी पुढची मागणी उभी आहे.

संशय आला तरी पुरावा हवा होता. बांगलादेशात काम केलेले अमेरिकन बालरोगतज्ज्ञ डॉ. मायकल बेनिश यांनी त्या सिरपचे नमुने सुटकेसमध्ये लपवून देशाबाहेर नेले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्रयोगशाळेत त्यांतलं विष सापडलं. तापाच्या औषधाच्या सात ब्रँडमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. डिसेंबर १९९२मध्ये बांगलादेश सरकारने पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाची विक्री थांबवली. पुढच्या बारा महिन्यांत किडनी बंद पडलेली नवी मुलं ५४ टक्क्यांनी घटली, आणि कारण न कळणारे रुग्ण ८४ टक्क्यांनी. १९९५मध्ये हा सगळा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पहिला लेखक हनीफ.

(हे पत्र आई-वडील वाचत असतील तर इथेच सांगतो: दोष पॅरासिटामॉलचा नव्हता. योग्य मात्रेत ते मुलांसाठी सुरक्षित औषध आहे. दोष ते ज्या द्रवात विरघळवलं होतं त्याचा.)

८४ टक्के या आकड्यापाशी मी आपल्याला थोडं थांबायला सांगेन. कुठलं नवं औषध नाही, डायलिसिसची नवी मशिनं नाहीत, एक बाटली दुकानातून उचलली आणि वॉर्ड रिकामा होऊ लागला. लहान मुलांच्या किडनीवर काम करणाऱ्या एका डॉक्टरच्या हातून याहून मोठं काम क्वचितच झालं असेल. मात्र ज्या डॉक्टरांकडे रुग्ण आहेत, संशय आहे, बाटल्याही आहेत, त्यांच्या कामाचा शेवट चोरून नेलेल्या सुटकेसने व्हावा लागला, हेही तितकंच खरं. आपल्याच देशातल्या बाटलीत काय आहे ते सांगणारं दार त्यांना देशात उघडं मिळालं नाही.

पुढचं तर आणखी कडू आहे. त्या काळातल्या एका कंपनीच्या माणसांना १० वर्षांची शिक्षा झाली ती २०१४मध्ये. बंदीनंतर दोन दशकं उलटून गेली होती. मधल्या काळात, २००९मध्ये, बांगलादेशात पुन्हा तेच विष औषधात आलं आणि आणखी २८ मुलं गेली. २०२२मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने दोन्ही वेळच्या मिळून १०४ मुलांच्या कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख टका द्यायला सांगितलं. ज्या आईचं मूल १९९१मध्ये गेलं, तिच्या बाजूने हा शब्द यायला तीस वर्षं लागली. न्यायालयाची ही गती आपण डॉक्टर आणि अधिकारी बदलू शकत नाही. त्याच्या आधीचे दिवस मात्र आपल्या हातात आहेत.

हे विष कसं काम करतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या मागण्या त्यावरूनच आल्या आहेत. सिरप बनवताना औषध विरघळवायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला त्यांच्यासारखंच, बिनरंगी, दाटसर, चवीला गोड, आणि कारखान्यांत वापरायचं असल्यामुळे स्वस्त. कधी पुरवठादार पिंपावरचं लेबल बदलतो, कधी कंपनी कच्चा माल तपासतच नाही. मुलाच्या पोटात गेल्यावर यकृतात त्याचं रूपांतर होत होत डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होतं आणि ते किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशी मारतं. पहिले एक-दोन दिवस फक्त उलट्या, पोटदुखी, मूल मलूल. डॉक्टरला वाटतं व्हायरल असेल. मग आई सांगते, "कालपासून लघवीच केली नाही जी यानं, लंगोट कोरडाच हाय." मूल खोल, भराभर श्वास घेऊ लागतं, कारण रक्तात आम्ल साचलेलं असतं. रक्तदाब चढतो. क्रिएटिनिन रोज वर. त्यानंतर झोप, झटके, बेशुद्धी. लवकर कळलं तर फोमेपिझोल नावाचा उतारा आहे, डायलिसिसनेही विष काढता येतं. नलिका मेल्यावर उतारा देऊन उपयोग नसतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कळलं की सहाव्या, यावर मूल जगणार की नाही ते ठरतं. आणि पहिलं मूल कळलं की आठवं, यावर गाव किती मुलं गमावणार ते ठरतं.

छिंदवाड्याच्या वेळी पाणी तपासलं गेलं, डास तपासले गेले, उंदीर तपासले गेले. त्यात चूक काही नाही, हे सगळं बघायलाच हवं होतं. किडनीच्या बायोप्सीत मेलेल्या नलिका दिसल्या तेव्हा नजर औषधाकडे वळली. पुढे तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने कारखान्यातला नमुना घेऊन दिवस-दोन दिवसांत निकाल दिला. याचा अर्थ प्रयोगशाळेचं काम दिवसांचं आहे. आठवडे गेले ते वॉर्डापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या रस्त्यावर.

हा रस्ता किती खडबडीत आहे, ते बाटलीवरूनच सांगतो. त्या पावसाळ्यानंतर मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आजारी मुलाच्या घरच्यांना सांगून ठेवलंय, की घरात असतील नसतील त्या सगळ्या औषधांच्या बाटल्या पिशवीत घालून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून टेबलावर बाटल्या निघतात: ६० मिलीची तपकिरी बाटली, बुचाच्या कडेला साखर सुकून कडक झालेली. कंपनीचं नाव मोठ्या रंगीत अक्षरांत असतं. बॅच नंबर आणि तारीख मात्र नंतर काळ्या शाईने मारलेले, आणि चिकट बोटांनी नेमके तेच पुसलेले. खोका दुकानातच टाकून दिलेला. बिल नाही. एखाद्या बाटलीत दुसऱ्याच बाटलीतलं औषध ओतलेलं. भिंगातून बघून जे वाचता येईल ते मी लिहून घेतो आणि फोटो काढून ठेवतो. पण समजा यांतल्या एखाद्या बाटलीवर मला संशय आला, तर मी ती कुठे द्यायची? कोणाच्या हातात, किती वाजेपर्यंत, आणि निकाल मला कोण कळवणार?

औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्याच्या कलम २६ खाली कोणीही नागरिक विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि सहीचा अहवाल मागू शकतो. तरतूद चांगली आहे. पण आयसीयूच्या दाराशी बसलेल्या बापाने अर्ज करायचा, फी भरायची आणि वाट पाहायची, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. दुसरीकडे औषध निरीक्षक नमुना घेतो तो खटल्यासाठी. त्याला सीलबंद बाटली हवी, पंचनामा हवा, नमुन्याचे भाग हवेत. ते सगळं योग्यच आहे. पण मुलाच्या घरातली उघडलेली, अर्धी संपलेली बाटली खटल्यात टिकणार नाही म्हणून बाजूला राहते, आणि निदानासाठी सगळ्यांत कामाची तीच असते. खटल्याचा नमुना आणि निदानाचा नमुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या नियमांत पहिल्याला जागा आहे. दुसऱ्याला जागा करून द्या, ही माझी पहिली विनंती. डायइथिलीन ग्लायकॉल आहे की नाही एवढं बघायला थिन लेअर क्रोमॅटोग्राफी पुरते. तिला महागडं यंत्र लागत नाही. किती आहे ते मग गॅस क्रोमॅटोग्राफीवर मोजता येईल.

महाराष्ट्राला हे विष नवीन नाही. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. त्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने आपल्याच प्रशासनाच्या कारभारावर किती कडक शब्दांत ताशेरे ओढले होते, हे आपल्या दफ्तरात आहेच. १९९८मध्ये गुडगावची ३६ मुलं दिल्लीच्या दोन रुग्णालयांत आली, ३३ गेली. २०१९-२० साली जम्मूतल्या उधमपूर जिल्ह्यात पुन्हा तेच. २०२२मध्ये गॅम्बियात सुमारे ७० मुलं गेली, आणि तिथे सापडलेली सिरपं भारतात बनलेली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

गॅम्बियाची गोष्ट हनीफ यांच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचावी. बांजुलच्या मोठ्या रुग्णालयातले किडनीतज्ज्ञ डॉ. अबूबकर जान्ये यांच्या लक्षात आलं, की एरवी क्वचित दिसणारा आजार यंदा एकापाठोपाठ एक मुलांत दिसतोय. त्यांनी वर कळवलं. २०२२च्या उन्हाळ्यात ही मुलं येऊ लागली आणि ५ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा निघाला. अडीच-तीन महिने. ढाक्यात दशक लागलं होतं. गॅम्बिया हा आपल्या एखाद्या महानगराएवढ्या लोकसंख्येचा गरीब देश. तिथे फरक पडला तो एवढ्यानेच, की किडनीचे रुग्ण एका ठिकाणी येत होते, ते बघणारा एक जाणकार डॉक्टर होता, आणि त्याचं म्हणणं वर ऐकलं गेलं.

माझी दुसरी विनंती नोंदीची. ही पद्धत आपल्याला परकी नाही. पोलिओसाठी आपण ती वर्षानुवर्षं चालवली आहे. १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, की डॉक्टरला पोलिओ वाटो न वाटो, कळवायचंच. १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे. माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरने फोन केला की माणूस यायचा, बर्फाच्या डब्यात नमुना जायचा आणि निकाल परत कळायचा. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११मधला. तो शेवटचा आहे असं आपण छातीठोकपणे म्हणू शकलो, कारण पोलिओ नसलेली हजारो लुळी मुलंही आपण मोजत होतो. अगदी तीच पद्धत किडनीसाठी लावा. १५ वर्षांखालच्या ज्या मुलाला आधी किडनीचा आजार नव्हता आणि ज्याची लघवी अचानक बंद झाली किंवा क्रिएटिनिन झपाट्याने वाढलं, असं प्रत्येक मूल २४ तासांत कळवायचं. कारण माहीत असलेलंही कळवायचं, जुलाबाचं, आवेचं, सापाचं, सगळं. कारण माहीत असलेल्यांची नोंद नसेल तर माहीत नसलेले वाढलेत हे कळणार कशावरून? ढाक्यात ते कळलं ते याच तुलनेमुळे.

औषधांच्या दुष्परिणामांचा फॉर्म आहे की, असं उत्तर मला मिळेल. आहे, आणि मी तो भरतोही. पण त्या फॉर्मला औषधाचं नाव लागतं. इथे औषधावर संशय घ्यायचा की पाण्यावर, हेच पहिल्या दिवशी माहीत नसतं. म्हणून नोंद औषधाची नको, मुलाची हवी.

तिसरी गोष्ट पैशाची आणि माणसांची आहे, आणि तिच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण बैठकीत पहिली काट तिच्यावरच बसते. नोंदी गोळा झाल्या तरी त्या वाचणार कोण? हनीफ यांनी ते काम सुट्टीच्या दिवशी छंद म्हणून केलेलं नाही. लहान मुलांच्या किडनीचे डॉक्टर म्हणून ते त्याच कामात राहिले, म्हणून वर्षांच्या अंतराने आलेली मुलं त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी उभी राहू शकली. आपल्याकडे मुलांचे किडनीतज्ज्ञ मुख्यतः मुंबई-पुण्यात एकवटलेले आहेत. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात ते मोजके, आणि सरकारी महाविद्यालयात तर या विषयासाठी स्वतंत्र जागा असणं हीच नवलाई. बालरोग विभागातला एखादा हुशार प्राध्यापक आवडीने हे बघतो, त्याची बदली होते, आणि त्याने लिहिलेली वही कपाटात राहते.

असा माणूस असला की काय होतं, ते बघायला ढाक्यापर्यंतही जायला नको. दिल्लीच्या एम्समध्ये प्रा. आर. एन. श्रीवास्तव यांनी लहान मुलांच्या किडनीचं काम उभं केलं आणि पुढे प्रा. अरविंद बग्गा यांनी ते वाढवलं. रक्तपेशी फुटून किडनी बंद पडणाऱ्या हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमचा जो प्रकार जुलाबाशी संबंधित नसतो, त्याचं कारण युरोपात मुख्यतः जनुकांत सापडत होतं. एम्सच्या गटाने भारतभरातल्या मुलांचं रक्त तपासलं आणि २०१४मध्ये दाखवून दिलं, की २४६ मुलांपैकी १३८ मुलांत शरीराने स्वतःच्याच फॅक्टर एच या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या होत्या. निम्म्याहून जास्त! युरोपात हे प्रमाण बरंच कमी आहे. उपचारही त्यामुळे बदलला. तिकडचं इंजेक्शन आपल्या आई-वडिलांच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण वेळेवर प्लाझ्मा बदलला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर किडनी वाचते, हे त्याच अभ्यासाने सांगितलं. आज नागपुरात एखाद्या मुलाचा प्लाझ्मा लगेच बदलायला घेतात, तो निर्णय या कामावर उभा आहे. आपल्या मुलांच्या आजाराची गोष्ट दुसऱ्या देशातल्या मुलांच्या रक्तावरून पुरती कळत नाही. ती आपल्या वॉर्डात बसून, वर्षं घालवून शोधावी लागते.

म्हणून मागतो आहे ते असं: राज्याच्या प्रत्येक महसूल विभागात एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात लहान मुलांच्या किडनीतज्ज्ञाची कायमची जागा असावी. त्या जागेबरोबर एक नोंदणी सहायक, आणि आठवड्यातला काही वेळ फक्त अभ्यासासाठी, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतून सुटलेला. त्या डॉक्टरला आपल्या प्रयोगशाळेकडे थेट नमुना पाठवायचा अधिकार असावा, मध्ये कोणाची शिफारस न लागता. एरवी तो नेफ्रोटिक सिंड्रोमची, म्हणजे लघवीतून प्रथिन जाऊन अंगावर सूज येणारी, मुलं बघेल, सकाळी उठून मुलाच्या लघवीतलं प्रथिन तपासायला आईला शिकवेल, डायलिसिस चालवेल. विषाचं वर्ष क्वचितच येतं. ते येईल तेव्हा मात्र तो जागेवर असेल आणि त्याच्याकडे मागच्या वर्षांच्या नोंदी असतील.

एक अवघड मुद्दा राहिला. छिंदवाड्याच्या प्रकरणात औषध लिहून देणाऱ्या एका डॉक्टरला अटक झाली. त्या खटल्याबद्दल मी काहीही बोलणार नाही, न्यायालय काय ते ठरवेल. पण त्या बातमीनंतर माझ्या ओळखीच्या डॉक्टरांमध्ये जी भीती पसरली आहे ती मला रोज दिसते. "मी लिहिलेल्या औषधावर मीच संशय घेतला, तर पहिला मीच आत जाईन," असं आता लोक उघड बोलतात. ही भीती मुलांच्या जिवावर बेतणारी आहे. विमानातला वैमानिक आपल्या हातून काय बिघडलं ते न घाबरता कळवू शकतो, म्हणून पुढचं विमान सुरक्षित राहतं. डॉक्टरने वेळेत कळवलं, बाटली दिली, नोंदी दाखवल्या, तर ते कळवणं त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही, असं लेखी परिपत्रक आपण दोन्ही विभागांनी मिळून काढावं. सवलत फक्त कळवण्यापुरती असावी. हलगर्जीपणाला किंवा कमिशनला ती नको.

यावर खर्चाचा प्रश्न येईल. खर्च किती येईल ते आपले अधिकारी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. एवढंच लक्षात घ्यावं, की यासाठी नवं रुग्णालय बांधायचं नाही. प्रयोगशाळा आहे, महाविद्यालयं आहेत, तालुक्याला आरोग्य अधिकारी आहे, रोगांची माहिती भरायची संगणकीय यंत्रणाही आहे. तिच्यात एक ओळ वाढवायची आहे. माणसांच्या थोड्या जागा लागतील, त्या मात्र खऱ्या लागतील, कंत्राटी नव्हे. अकरा महिन्यांनी जाणाऱ्या माणसाकडून दहा वर्षांच्या नोंदी मागता येत नाहीत.

सोबत एका पानाचा फॉर्म जोडला आहे. तो मी माझ्या दवाखान्यात वापरतो आहे. त्यात मुलाचं वय, लघवी शेवटची कधी झाली, क्रिएटिनिन, घरात दिलेली सगळी औषधं, बॅच नंबर वाचता आला की नाही, दुकानाचं नाव, आणि त्या घरात किंवा शेजारी तेच औषध घेतलेलं दुसरं मूल आहे का, एवढे रकाने आहेत. शेवटचा रकाना मी आपल्यासाठी ठेवला आहे: "प्रयोगशाळेचा निकाल डॉक्टरला कळवल्याची तारीख आणि वेळ." फॉर्ममध्ये आपण हवे ते बदल करावेत, पण तो रकाना काढू नये, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ
सावनेर, जि. नागपूर